बत्तीवालीचा शेवटचा थांबा

आमच्या शेजारच्या घरात, बैठकीच्या छताखालून एक सुतळी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओढून बांधलेली आहे. तिच्या एका टोकाला पितळी घंटी आहे आणि दुसरं टोक मारोतकाकांच्या खुर्चीच्या डाव्या हाताशी लोंबतं. या घंटीचा देवाधर्माशी काही संबंध नाही. काकांनी सुतळी एकदा ओढली, ‘टण्’ झालं, की गयाकाकू रिमोटचं बटण दाबून टीव्ही थांबवतात. ‘टण् टण्’ झालं की टीव्ही पुढे चालू. घंटी काकांकडे, रिमोट काकूंकडे. रिमोटही तुम्हीच घ्या म्हणजे घंटीची भानगडच नको, असं मी एकदा सुचवून बघितलं. काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

“कंडक्टरनं स्टेरिंगला हात लावायचा नसतो, परकाश.”

मारोतकाकांनी चौतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली. हिंगोलीहून निघणारा असा एक रस्ता नाही, ज्यावरचे खड्डे त्यांना नावानिशी ठाऊक नाहीत. निवृत्त झाले तेव्हा आईबापाला कंटाळा येऊ नये म्हणून पुण्याच्या मुलानं भिंतीएवढा टीव्ही पाठवला, आणि जगातल्या सगळ्या मालिका त्यात कशा दिसतात तेही शिकवून गेला. काकांचा कंटाळा त्या दिवशी संपला. कॉलनीचा सुरू झाला.

सकाळी दूध आणायला बाहेर पडलं की लोक एकमेकांना ‘झाला का चहा?’ विचारतात. काका फाटकाला टेकून विचारतात, “कुठवर आलास?” म्हणजे त्यांनी तुम्हाला नेमून दिलेल्या मालिकेच्या कितव्या भागापर्यंत तुम्ही पोहोचलात. प्रत्येक घराला त्यांनी एकेक मालिका वाटून दिलेली आहे. नको म्हणायची सोय नाही. मी एकदा म्हटलं, काका, ऑफिसचं काम फार आहे. तर म्हणाले, “मी कुठं नको म्हणून राहिलो? काम कर. काम झाल्यावर दोन थांबे घे.” भागाला ते थांबा म्हणतात. एका बैठकीत सगळे भाग संपवणाऱ्याला जलद गाडी म्हणतात, आणि ज्याला रोज एकच भाग झेपतो त्याला म्हणतात ‘विनंती थांबा’. माझी गणना कशात होते ते सांगायला नको.

त्यांच्या खिडकीच्या गजाला एक पत्र्याची पाटी अडकवलेली असते. तिच्यावर रोज सकाळी खडूनं लिहिलेलं असतं. उदाहरणार्थ: ‘हिंगोली – कोरिया. मार्गे: दोन लग्नं, एक अपघात. सुटण्याची वेळ: ४ वाजता.’ दुपारी चारला दार बंद, पडदे बंद, दोघांचे फोन अर्धा तास आधीच लोखंडी कपाटात. काकू खिडकीजवळच्या खुर्चीत, कारण खिडकीची जागा बाईमाणसाला. एकदा पुण्याच्या मुलानं चार वेळा फोन केला, कोणी उचलेना, म्हणून घाबरून मला केला. मी जाऊन दार बडवलं. बऱ्याच वेळानं दार चार बोटं उघडलं.

“काका, बाळूचा फोन येतोय.”

“चालू गाडीत चढता येत न्हाई. पुढच्या थांब्याला ये.” आणि दार बंद.

आता तुम्ही म्हणाल, आवड आहे एखाद्याला, सांगतो बिचारा चार लोकांना. तेवढंच असतं तर मी लिहायला बसलो नसतो. खरी गोम अशी, की काका आपल्याला जी मालिका बघायला लावतात ती त्यांनी स्वतः बघितलेली नसते. ती ते बघणार असतात, आपण बघून झाल्यावर. जगात लोक भांडतात ते कोणी शेवट आधीच फोडला म्हणून. मारोतकाका भांडतात ते शेवट सांगितला नाही म्हणून.

“तुझ्या काकूला सहन होत न्हाई,” ते दबक्या आवाजात सांगतात. “मालिकेत लेकराला काही झालं की ती दोन दोन दिवस जेवत न्हाई. म्हणून रस्ता आधी पाहून ठेवावा लागतो.”

खून त्यांना चालतो. दरोडा, तुरुंग, सासूनं दिलेलं विष, नवऱ्याची दुसरी बायको, सगळं चालतं. तेरा प्रेतांची एक मालिका दोघांनी शेंगा खात बघितली. प्रश्न एकच: लेकरू जगतं का?

निवृत्त भूगोलाचे देशमुख सर याच प्रश्नापायी काकांशी महिनाभर बोलत नव्हते. त्यांच्या वाट्याला पोलिसांची एक लांबलचक मालिका आली होती. ती संपवून ते मोठ्या समाधानानं म्हणाले, “शेवट प्रतीकात्मक आहे, मारोतराव. ज्याचा त्यानं लावायचा.”

“सर, लेकरू जितं हाय का मेलं, तेवढं सांगा. प्रतीक मागून बघू.”

“तेच तर दिग्दर्शकानं मोकळं सोडलंय.”

“मग तुमी चार दिवस काय पाहून राहिले होते?”

भुसार दुकानवाले राठोडभाऊ मूळचे सेनगावकडच्या तांड्यावरचे. मालाची चाळीस पोती एका दमात मोजतील असा गडी. ऐन सोयाबीनच्या दिवसांत काकांनी त्यांना चोवीस भागांची कोरियन मालिका दिली. राठोडभाऊंनी ती वजनकाट्याला मोबाईल टेकवून बघितली आणि एकदा भर दुपारी काट्याशेजारी डोळे पुसताना गिऱ्हाइकांनी त्यांना पाहिलं. ‘काहून हो भाऊ, भाव पडला का?’ असं कोणी विचारल्यावर म्हणे त्यांना अजूनच भरून आलं. संध्याकाळी काकांना अहवाल दिला: “पोरगं वाचतं, काका. पण कुत्रं जातं.”

काका दोन दिवस विचारात होते. तिसऱ्या दिवशी दुकानात जाऊन विचारलं, “कुत्रं कितव्या थांब्याला?”

“एकोणिसाव्या.”

तो भाग त्यांनी गाळला. पाटीवर त्या दिवशी लिहिलं होतं, ‘१९ ला गाडी थांबणार नाही.’

आणि नुसतं सांगून भागत नाही. काका तपासणी घेतात. “तिकीट दाखव,” म्हणतात आणि मधलाच एखादा प्रश्न टाकतात: बाराव्या थांब्याला कोण चढलं, पंधराव्याला कोण उतरलं. उत्तर चुकलं की तुम्ही विनातिकीट. मग शिक्षा एकच, पुन्हा पहिल्यापासून.

तर बत्तीवाली माझ्या गळ्यात पडली ती अशा माणसाकडून.

तिचं खरं नाव लांब आणि परदेशी आहे. काकांनी ठेवलेलं नाव बत्तीवाली. चौसष्ट भाग, तुर्कस्तानची, पण माणसं आपापसात हिंदीत बोलतात. एक दीपगृह आहे, समुद्रातल्या खडकावर. त्यावर रोज संध्याकाळी दिवा लावणारा एक माणूस. त्याची बायको आणि सहा-सात वर्षांची मुलगी किनाऱ्यावरच्या गावात. मुलगी आजारी पडते, तिला दवाखान्यात ठेवतात. याला बातमी मिळते, पण समुद्र खवळलेला, नावा बंद, शिवाय दिवा सोडून जायचं नाही अशी नोकरी. चौसष्ट भाग तो त्या खडकावरून किनाऱ्याकडे बघतो. मधेमधे सासू भांडते.

“ही तू घे, परकाश,” काका म्हणाले.

“देशमुख सरांना द्या की.”

“न्हाई. सर अर्थ लावतेत. राठोड रडतो, त्याला नीट दिसत न्हाई. बायामाणसं मला बरं वाटावं म्हणून गोड करून सांगतेत.” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “तुझं तसं न्हाई. तुला मनचं काही रचताच येत न्हाई. जे दिसलं तेच सांगशील.”

पन्नाशीला आलेल्या माणसाला आपल्याबद्दल असं मत ऐकून काय वाटतं ते मी सांगत बसत नाही. मी मालिका घेतली.

आजवरच्या सगळ्या मालिकांच्या बाबतीत काका थांबून राहायचे, पण बत्तीवालीच्या बाबतीत त्यांना धीर धरवला नाही. चाळीस भाग त्यांनी अहवालाविना बघून टाकले. आणि मग घाबरून गाडी उभी केली. पाटीवर तीन आठवडे एकच मजकूर: ‘४० ला गाडी थांबलेली आहे. रस्ता बघणे चालू.’ रस्ता बघणारा मी.

आणि मी तेविसाव्या भागात झोपत होतो. एकदा नाही, सात वेळा. जेवण झालं, लोडाला टेकलो, तो माणूस कंदील पुसायला लागला, की माझे डोळे मिटलेच. शेजारी वंदना, माझी बायको, कपाळाला हात लावायची. तिनं दुपारच्या वेळात स्वतःच्या फोनवर कुठवर मजल मारली होती, हे मी कधी विचारलं नाही. मालिका हा बायकांचा उद्योग आहे, असं लग्नापासून ऐकवत आलेला माणूस मी. आता तिला विचारणार कोणत्या तोंडानं?

इकडे फाटकावर रोज सकाळी, “कुठवर आलास?”

“तेवीस.”

“काल बी तेवीसच व्हतं.”

“मोठा आहे तो भाग, काका.”

“गाडी पंक्चर हाय का डायव्हर?”

चौथ्या आठवड्यात मला दूध आणायला मागच्या गल्लीनं जाण्याची वेळ आली. काका मागच्या गल्लीत उभे. ऑफिसात निघालो तर स्कूटरच्या आरशात काका. आणि एका सकाळी त्यांनी काही विचारलंच नाही. नुसतं म्हणाले, “तुझी काकू म्हणती, बघून टाकू पुढं. मी म्हणतो, परकाश सांगू दे.” त्या सुरात काहीतरी असं होतं, की मला एकदम चीड आली. आपण टीव्ही बघत नाही म्हणून एक म्हातारं जोडपं ताटकळलंय, हे कसलं ओझं माणसाच्या डोक्यावर!

“झाली, काका,” मी म्हणालो. “काल पूर्ण केली.”

त्यांनी फाटकाची कडी धरली. “तिकीट दाखव. एकतिसाव्याला कोण चढलं?”

बहिणीशी फोनवर बोलताना वंदना एकदा ओरडली होती, ‘ती मेली सासू परत आली गं!’ मी म्हटलं, “सासू.”

“बराबर. अडतिसाव्याला?”

“वादळ.” त्या मालिकेत वादळ कुठल्याही भागात चालून जातं.

“बराबर.” आणि मग, “लेकरू?”

“ठणठणीत बरं होतं. शेवटी समुद्र शांत होतो, तो नावेतून येतो. धक्क्यावर दोघी त्याला घ्यायला उभ्या. मुलगी पळत येते. संपलं.”

“पळत येती?”

“पळत.”

काकांनी फाटकाची कडी सोडली. म्हणाले, “तुझ्या भरवशावर तुझ्या काकूला घेऊन चाललो बरं का.”

“निघा बिनधास्त,” मी म्हणालो, आणि समोरच्या गल्लीनं ताठ मानेनं दूध आणायला गेलो.

नंतरचे आठ-नऊ दिवस काय सुखाचे गेले! पाटीवरचे आकडे भराभरा वाढत होते. ४३, ४७, ५२. शेजारून ‘टण् टण्’ ऐकू आलं की मला आपण काहीतरी पुण्यकर्म केल्यासारखं वाटायचं. एका रविवारी आम्हाला औंढ्याला साडूच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला जायचं होतं. सकाळी निघताना पाटी बघितली: ‘बत्तीवाली. शेवटचा थांबा. सुटण्याची वेळ: ४.’ खाली काकांनी खडूनं एक छोटी नावही काढली होती.

औंढ्याला जेवणं झाली, नागनाथाचं दर्शन झालं, आणि सव्वातीनच्या गाडीनं आम्ही परत निघालो. पोटात दोन वाढीव जिलब्या, खिडकीतून वारा. माणूस अशा वेळी बढाया मारतो. मी वंदनाला सगळी हकिकत रंगवून सांगितली: मी तेविसाव्यालाच कसा अडकलो, सासू कशी उपयोगी पडली, काका कसे फसले.

वंदना हसली नाही. “शेवट काय सांगितलात?”

“गोड. मुलगी पळत येते म्हटलं.”

“अहो!” ती एवढ्या मोठ्यानं ओरडली, की पुढच्या बाकावरच्या माणसानं टोपी सावरली. “मरते ती! तो नावेतून येतो, हातात तिच्यासाठी घेतलेल्या लाल चपला, आणि धक्क्यावर बायको एकटीच उभी. शेवटच्या पाच मिनिटांत. आठ दिवस झाले बघून, अजून माझ्या डोळ्यापुढून जात नाही.”

“अगं, मालिका आहे ती. काकू रडतील दोन दिवस...”

“तुम्हाला मंगल माहीत नाही?”

मला कोणी मंगल माहीत नव्हती. आमची भिंतीला भिंत लागून अकरा वर्षं झाली. वंदनाला पहिल्या सहा महिन्यांत कळलं होतं, मला कधी कळलं नाही, कारण मी कधी काही विचारलंच नाही. तिनं सांगितलं ते एवढंच: बाळूच्या आधी काका-काकूंना एक मुलगी होती. सात वर्षांची असताना तापानं फणफणली. काकांना त्या दिवशी पुसेगावकडच्या एका खेड्याची मुक्कामी गाडी होती. संध्याकाळी जायचं, रात्री गाडी तिथंच उभी करून झोपायचं, सकाळी प्रवासी भरून परत. त्या खेड्यात तेव्हा फोन नव्हता. सकाळी ते भरलेल्या गाडीची तिकिटं फाडत हिंगोलीला उतरले, तेव्हा स्टँडवर भाऊबंद उभे होते.

मी घड्याळ बघितलं. साडेतीन.

काकांना फोन लावला. वाजला आणि बंद झाला. पुन्हा लावला. मग आठवलं: रविवार असो की सोमवार, गाडी सुटायच्या आधी अर्धा तास फोन कपाटात जातात. देशमुख सर परभणीला मुलीकडे, राठोडभाऊ उचलेनात.

आयुष्यात पहिल्यांदा मला एसटी वाटेत कुठेही थांबू नये असं वाटलं. आणि ती सगळीकडे थांबली. एका फाट्यावर एक आजीबाई उतरल्या, मग त्यांचं गाठोडं उतरलं, मग त्यांना आठवलं की दुसरंही गाठोडं आहे. पुढं एका ठिकाणी कंडक्टर खाली उतरून कोणाच्या तरी लग्नाची तारीख विचारत उभा राहिला. “अहो, डबल मारा ना!” मी ओरडलो. सगळ्या गाडीनं वळून माझ्याकडे बघितलं. वंदना पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघू लागली.

स्टँडवरून रिक्षा करून कॉलनीत आलो तेव्हा पाच वाजायला दहा कमी होते. काकांचं दार बंद, पडदे बंद. आतून वाऱ्याचा आणि लाटांचा आवाज. मी दार बडवलं. “काका! उघडा!”

“चालू गाडीत...” आतून आवाज आला.

“अहो, महत्त्वाचं आहे!”

“पुढच्या थांब्याला ये!”

पुढचा थांबाच नव्हता. आतमध्ये एक बाई तुर्की हिंदीत म्हणत होती, ‘देखो, नाव आ रही है.’ मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. दारापाशी भिंतीवर मीटरची पेटी. तेविसाव्या भागात सात वेळा झोपणाऱ्या माणसाला तेवढंच सुचलं. मी पेटी उघडली आणि मेन स्विच खाली ओढला.

लाटा थांबल्या. मग कडी वाजली. काका दारात, अंगावर बनियन, चेहरा घामेजलेला.

“लाईट गेली बघ! बरोब्बर आत्ता जायची व्हती! नाव लागूनच राहिली व्हती धक्क्याला.” मग त्यांनी कान दिला. शेजारी आमच्याच घरातला कूलर, निघताना मी बंद करायला विसरलेला, घरघरत होता. “तुझी हाय वाटतं?”

“आमचा... फेज वेगळा आहे,” मी म्हणालो आणि आत घुसलो.

काकू खिडकीजवळच्या खुर्चीत, मांडीवर रिमोट. पडदा एका बाजूनं सरकलेला. मी मोढ्यावर बसलो. म्हणालो, “काका, मी सांगतो ना शेवट. पाठ आहे मला.”

“आता सांगायचा काय? येईल की लाईट. डोळ्यानं बघू.”

“सांगू द्या की त्याला,” काकू म्हणाल्या. “लाईट काही इतक्यात येत न्हाई.”

तेव्हा मी सांगायला लागलो. मी, ज्याला मनचं काही रचता येत नाही. नाव कशी हळूहळू येते, तो माणूस उभा कसा राहतो, हातात लाल चपला. धक्क्यावर गर्दी, गर्दीत बायको. तिच्या मागे काहीतरी हलतं.

“लेकरू,” काका म्हणाले.

“हो. आईचा पदर धरून. आधी ओळखतच नाही त्याला.”

“काहून?”

“दाढी वाढलेली ना त्याची. मग तो चपला पुढे धरतो, तेव्हा ओळखते. पळत येते.”

“तू म्हणला व्हता पळत येती.”

“येते. तिथंच बसून चपला घालायला जाते, तर...” मला खरंच पुढे काय होतं ते माहीत नव्हतं. “तर लहान पडतात.”

काका पुढे सरकले. “लहान पडतेत?”

“टाच बाहेर राहते. त्यानं घेतल्या तेव्हाचं माप. मधल्या दिवसांत पोरगी वाढली ना.”

“किती लहान?”

“बोटभर.”

“मग?”

“मग काय, तशाच घालते. टाचा बाहेर ठेवून धक्काभर फटक फटक करत फिरते. आई ओरडते, नव्या आणू म्हणून. ऐकत नाही. संपलं.”

काका आपल्या दोन बोटांमधलं अंतर बघत होते. “पडणारच,” ते म्हणाले. “किती दिसानं आला तो. लेकरं काय थांबतेत व्हय वाढायची.” मग उठले. “गरमी लई व्हायली. तोंडावर पाणी मारून येतो.” आणि मागच्या मोरीकडे गेले. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

“जा, मेन चालू करून ये, बापा,” काकू हळूच म्हणाल्या. “खिडकीतून दिसलास मला.”

मी ओशाळलो. “काकू, माझी चूक झाली. मी न बघताच सांगितलं होतं. तुम्हाला सहन होत नाही असं काका म्हणतात, म्हणून...”

“मी पाहिलाय शेवट. पंधरा दिस झाले. दुपारी हे जरासा डोळा लावतेत तव्हा, फोनवर.” त्यांनी मोरीच्या दिशेनं बघितलं. “सगळ्याचेच पाहते मी आधी. ह्यांना सांगत न्हाई.”

“मग इतकी वर्षं ते आम्हाला जे विचारतात, ते...”

“मंगलीपाशी मी व्हते रे, परकाश. शेवटपर्यंत मांडीवर व्हती. मला म्हाइत हाय ते कसं असतं. ह्यांनाच न्हाई. हे सकाळच्या गाडीनं आले.” मांडीवरचा रिमोट त्यांनी उचलून दाखवला. अंगठा बटणावरच होता. “ती नाव धक्क्याला लागली असती ना, तर मी बंदच करणार व्हते. म्हणले असते, बिघडला टीव्ही.”

“घंटी न वाजता?”

“एखाद्या वक्ती चालतंय तेवढं.”

मी बाहेर जाऊन मेन वर केला. टीव्ही उजळला आणि त्यावर त्याच मालिकेचं चित्र येऊन थांबलं: ‘पुढे बघायचं का?’ असा प्रश्न आणि त्याखाली समुद्र. काका टॉवेलनं मान पुसत आले. पडद्याकडे बघत उभे राहिले. काकूंचा अंगठा बटणावर.

“झाला की आता शेवट,” काका म्हणाले. “एवढा बराबर सांगितला यानं. दुबारा काय पाहायचा?”

त्यांनी सुतळी एकदा ओढली. टण्. काकूंनी टीव्ही बंद केला.

मी निघालो तेव्हा ते दारापर्यंत आले. “बोटभर म्हणला ना?”

“बोटभर.”

“हां,” ते म्हणाले, आणि कडी लावली.

दुसऱ्या दिवशी पाटीवर एवढंच होतं: ‘बत्तीवाली. पोहोचली.’ मी दूध घेऊन चोरपावलांनी फाटकावरून चाललो होतो, पण काका आधीच कडीला टेकून उभे. माझ्यासाठी नवी मालिका काढून ठेवलेली. जपानची, डोंगरातल्या शाळेची, छत्तीस भाग. मी चरफडलो, नशिबाला दोष दिला, वंदनाला सांगितलं की हा माणूस मला जगू देणार नाही. आणि जेवण करून लोडाला टेकलो.

आता मी झोपत नाही. पहिल्याच भागात वर्गातल्या मागच्या बाकावरचं एक लेकरू खोकलं. मी टीव्ही थांबवला, आणि काकांना काय सांगायचं याचा विचार करत बसलो.